शंभर पावलांवर सायरभाभी

दोन कुत्र्यांच्या दोऱ्या एका हातात कधी घ्यायच्या नाहीत, असा सायरभाभींचा नियम होता. चार वर्षांत तो मी एकदाच मोडला. त्या दिवशी सकाळी मी गायरानावर होते, डाव्या हाताला त्यांचा बादल, उजव्या हाताला आमचा लाल्या, आणि फोन वाजला. सुरतेहून त्यांच्या मुलाचा, नितेशचा नंबर दिसला. इतक्या सकाळी त्याचा फोन कधी येत नसे. मी दोन्ही दोऱ्या डाव्या हातात घेतल्या आणि फोन कानाला लावला. नितेश एवढंच म्हणाला, "मावशी, मम्मी पहाटे गेली..." पुढचं मला नीट आठवत नाही. धुकं होतं, बाभळीची रांग निम्मीच दिसत होती, आणि मी बांधावर बसले होते एवढं आठवतं. दोन्ही कुत्रे माझ्याशेजारी उभे होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. ते समोर धुक्यात बघत राहिले. भाभींनी हे पाहायला हवं होतं, असा विचार आला आणि मगच मला रडू फुटलं.

आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. सायरभाभींचं नंदुरबारजवळच्या रनाळ्यात किराणा दुकान होतं. त्यांच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून इकडे आले आणि इथलेच झाले. भाभी गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलायच्या, फोनवर मुलाशी मारवाडी, आणि मी शाळेतली बाई म्हणून माझ्याशी जपून जपून शाळेतलं मराठी. माझं माहेर नाशिककडचं. लग्न होऊन मी इथं आले त्याला वीस वर्षं झाली, आणि आमचं घर त्यांच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. पण त्या वीसपैकी पहिली सोळा वर्षं आमची ओळख साखर, चहापत्ती आणि "कशा आहात" एवढीच होती. पती, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, ते गेल्यानंतर दुकान त्या एकट्याच चालवत. गुडघे दुखायचे, म्हणून गादीवर न बसता लाकडी खुर्चीत बसायच्या. पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा त्यांच्या घरचा रिवाज. शेवटची एक म्हणता म्हणता त्या दहा-बारा रोट्या करत आणि रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर गल्लीतल्या कुत्र्यांना घालत. आमचा लाल्याही घरची भाकरी सोडून तिथं हजर असायचा.

अशा भाभींच्या घरी बादल आला. नितेशनं सुरतेत हौसेनं रॉटवायलर जातीचं पिल्लू घेतलं होतं. दोन वर्षांत ते माझ्याएवढ्या वजनाचं झालं, फ्लॅटमध्ये मावेना, शेजारीपाजारी कुरकुर करू लागले, आणि एका रविवारी तो गाडीत घालून त्याला आईकडे घेऊन आला. काळाभोर, भुवयांवर आणि छातीवर तांबूस ठिपके, डोकं पाट्यासारखं रुंद. भाभींनी आयुष्यात कुत्र्याला घराच्या उंबऱ्याच्या आत घेतलेलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तर बादल आहे. काळा, भरलेला." तेच नाव पडलं.

माणसांशी बादल फार मऊ होता. अनोळखी माणूस दुकानात शिरला की तो उठून भाभींच्या आणि त्या माणसाच्या मधे येऊन उभा राहायचा, भुंकायचा नाही, गुरगुरायचा नाही. भाभी "बस" म्हणाल्या की खाली बसायचा आणि सगळं अंग त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला टेकवायचा. त्या म्हणायच्या, तेवढा शेक डॉक्टरच्या पट्ट्यानंही मिळत नाही. गल्लीतल्या ढवळी नावाच्या कुत्रीशीही त्याचं बरं होतं. ती त्याच्या पाण्याच्या पातेल्यात तोंड घालायची आणि तो बाजूला सरकायचा. पण नर कुत्रा दिसला की तो वेगळाच व्हायचा. बाकी कुत्री भुंकतात, उड्या मारतात, म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते कळतं तरी. बादल गप्प व्हायचा. कान पुढे, शेपटीचा बुंधा वर, तोंड मिटलेलं, आणि सगळं अंग दगडासारखं. ती शांतता भीतिदायक होती. भाभींना ती तेव्हा वाचता येत नव्हती, आणि आम्हालाही. त्या त्याला मागच्या अंगणात साखळीनं बांधून मगच ओट्यावर रोट्या घालायला यायच्या.

एके सकाळी साखळीची कडी निघाली. मी शाळेला निघाले होते. ओट्यावर लाल्या त्याच्या रोटीवर मान घालून उभा होता, आणि बादल दुकानातून बाहेर आला. पळत नाही, चालतच आला. एका क्षणात त्यानं लाल्याचा खांदा धरला. लाल्या ओरडला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आमचे हे, म्हणजे माझे पती, काठी घेऊन धावले. भाभींनी त्यांना हातानं अडवलं, दुकानातलं रिकामं बारदान उचललं, गुडघ्यांचं सगळं विसरून खाली वाकल्या आणि ते बादलच्या डोक्यावर टाकून घट्ट धरलं. डोळ्यांपुढे अंधार झाल्यावर त्यानं तोंड उघडलं. लाल्या फरफटत घरी गेला. माझ्या शाळेच्या साडीवर त्याचं रक्त होतं. ह्यांनी काठी ओट्यावर आपटली आणि म्हणाले, "भाभी, हाई कुत्रं नही शे, हाऊ वाघ शे. गावमा वाघ ठेवतस का कोनी?" भाभी बारदान धरून तशाच बसल्या होत्या.

नंदुरबारहून जनावरांचे डॉक्टर आले, लाल्याला टाके घातले. जखम भरली, पण लाल्या पलंगाखालून बाहेर येईना. दारात कुठलंही कुत्रं दिसलं की थरथरायचा आणि तिथंच मुतायचा. गावातले चार लोक भाभींकडे जाऊन म्हणाले, जनावर इथं नको. दूरच्या एका शेतावर राखणीला मोठा कुत्रा हवा होता, तिथं द्यायचं ठरलं. भाभी रोज संध्याकाळी लाल्यासाठी तांब्याभर दूध घेऊन यायच्या. मी तांब्या घ्यायची, रिकामा करून परत द्यायची, बसा म्हणायची नाही. मला त्यांचा राग होता आणि तो मी लपवलाही नाही. नवव्या की दहाव्या दिवशी त्या तांब्या देऊन परत गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, मी ती जागा पाहून आले," त्या म्हणाल्या. "तिथं आधीचं एक कुत्रं बांधलेलं होतं. खांब आणि साखळी. साखळी जितकी लांब, तेवढा जमिनीवर गोल. त्या गोलात गवताची काडी नाही, बाहेर सगळं हिरवंगार. मी त्याला घेऊन परत आले."

मी म्हणाले, "मग आता काय करणार?"

"डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोघांना लांबून एकाच दिशेनं चालवा. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. खूप लांबून. मग हळूहळू जवळ." त्यांनी पलंगाखाली पाहिलं. "मला तुमचा लाल्या हवा, बाई. सकाळी अर्धा तास."

"पुन्हा फाडायला?"

त्यांनी मान खाली घातली. मग त्यांचं जपून बोललेलं मराठी सुटलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "तुमना लाल्या बी पलंगखाले ऱ्हायी का जलमभर? त्यान्ही भीती बी जावाले पाहिजे ना, माय." मी रात्रभर पलंगाखाली लाल्याचा श्वास ऐकत राहिले, आणि सकाळी त्याला उचलून बाहेर आणलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. गावाबाहेरच्या गायरानाच्या दोन बाजूंनी दोन गाडवाटा जातात. एकीवरून मी आणि लाल्या, दुसरीवरून त्या आणि बादल. मधे शंभर पावलं. मी मोजली होती. पलीकडे धुक्यात एक आकृती दिसायची: फिकट साडी, घोट्याच्या वर खोचलेली, अंगात शेठजींचा जुना स्वेटर, पायात मुलानं दिलेले पांढरे बूट, आणि शेजारी एक काळा ठोकळा. ती आकृती चालली की मी चालायची, थांबली की थांबायची. बोलणं शक्य नव्हतं. कापसाच्या शेतांवरून वारा आला की धुकं फाटायचं, आकृती स्पष्ट व्हायची, पुन्हा विरून जायची. बादलनं मान वळवून आमच्याकडे रोखून पाहिलं की भाभी उभ्या राहायच्या. ओढायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. मग कधीतरी तो आपणहून नजर काढायचा आणि त्यांच्याकडे बघायचा, तेव्हा त्या कमरेच्या बटव्यातून पनीरचा तुकडा काढून द्यायच्या. मला लांबून फक्त त्यांचा हात हलताना दिसायचा. त्या दिवसांतल्या कितीतरी सकाळी मला खरंच घडल्यासारख्या वाटत नाहीत. झोपेत कुणीतरी आपल्या शेजारून चालत असावं, तसं काहीसं आठवतं...

दर आठवड्याला आम्ही दहा पावलं आत सरकत होतो. गाडवाट सोडून गवतातून चालायचं. ऐंशी पावलांवर मला त्यांचा खोकला ऐकू येऊ लागला. साठ पावलांवर एकदा त्या हात वर करून म्हणाल्या, "चहा झाला का?" आणि मी ओरडून म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या थर्मास आणू लागल्या. अर्धा चहा पिऊन थर्मास गवतात ठेवून द्यायच्या, त्या पुढे गेल्यावर मी तो उचलायची. पन्नास पावलांवर लाल्यानं शेपूट पायांमधून बाहेर काढलं. आणि त्याच आठवड्यात कुठलासा भटका नर कुत्रा भुंकत सरळ बादलच्या अंगावर धावून आला. भाभी घाबरल्या, दोरी मनगटाला गुंडाळून त्यांनी जोरात मागे ओढली. बादल उसळला, त्या गवतात पडल्या, पण दोरी सोडली नाही. तो कुत्रा पळाला. मी लाल्याला उचलून लांब उभी होते आणि काही करू शकत नव्हते. भाभी उठून बसल्या, बादलला दोन्ही हातांनी धरलं. मग मला म्हणाल्या, "बाई, उद्या पुन्हा शंभर."

पुन्हा शंभर. पुन्हा ती धुक्यातली आकृती. पण या वेळी त्या वेगळ्या चालत होत्या. जवळ आल्यावर, म्हणजे चाळीस पावलांपर्यंत यायला मकरसंक्रांत उलटून गेली होती तेव्हा, त्यांनी मला कारण सांगितलं. "त्या दिवशी चूक माझी होती. मी दोरी ताणली. दोरी ताणली की याला वाटतं मी घाबरले. मी घाबरले की याला माझी राखण करावी लागते. याचा तो जन्माचा धंदाच आहे, याच्या रक्तात आहे. तो भांडखोर नाही बाई, त्याच्या डोक्यावर काम फार आहे." मग थोडं चालल्यावर म्हणाल्या, "शेठजी गेल्यापासून मी कुठली दोरी सैल धरलीय?"

वीस पावलांवर आम्ही बोलायला लागलो ते मग थांबलोच नाही. कुत्र्यांमुळे थांबून गप्पा मारता येत नव्हत्या, चालतच बोलायचं, आणि एकमेकींकडे बघायचं नाही, समोर बघायचं. तोंडावर बोलता आल्या नसत्या अशा गोष्टी त्यामुळे बोलल्या गेल्या. शेठजी दुकानातच, तूरडाळ मापता मापता कोसळले, आणि त्या दिवसापासून कुणी दुकानात शिरलं की त्यांच्या छातीत धडधडायचं. बादलला ते कळायचं, म्हणून तो मधे येऊन उभा राहायचा. माझं पहिलं बाळ राहिलं नाही, हे गावात ह्यांच्याशिवाय कुणाशी मी बोलले नव्हते. ते मी भाभींना वीस पावलांवरून सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. गायरानाच्या टोकाशी वळताना त्या म्हणाल्या, "अगं, मग तुझ्या पायात एवढी ताकद कुठून आली?" त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला "तू" म्हणाल्या.

होळीच्या सुमारास आम्ही शेजारी आलो. बाहेरच्या बाजूला एकेक कुत्रा, मधे आम्ही दोघी. बादलनं एकदा लाल्याच्या दिशेनं नाक फिरवलं, हुंगलं, आणि रस्त्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "आता मैत्री होईल यांची." भाभी हसल्या. "मैत्री कशाला व्हायला पाहिजे? एका रस्त्यानं जाता आलं, खूप झालं." त्या म्हणाल्या तसंच झालं. बादल लाल्याशी कधीही खेळला नाही. दुसऱ्या नर कुत्र्यांशी तर त्याचं आजवर जमलं नाही. समोरून कुणी आला की भाभी रस्त्याच्या कडेला सरकायच्या, दोरी सैल ठेवायच्या आणि तो जाईपर्यंत थांबायच्या. बादलच्या पाठीवरचे केस उभे राहायचे, खाली बसायचे. मग तो वर त्यांच्याकडे बघायचा. सकाळच्या रोट्यांच्या वेळी तो दुकानात खुर्चीमागं पडून ओट्यावरची कुत्री जेवताना बघायचा. ते जमायला दोन वर्षं लागली. एकदा ह्यांनी ते बराच वेळ उभं राहून पाहिलं आणि भाभींना म्हणाले, "भाभी, वाघ सुधरना." भाभी म्हणाल्या, "वाघ नही सुधरना भाऊ, मी सुधरनू."

आमचं एक गुपितही होतं. बादल आमच्याकडे आला की मी त्याला अंडी खायला घालायची. भाभींच्या घरात ते शक्य नव्हतं, आणि दही-रोटी, डाळ, पनीर यांवर एवढं मोठं जनावर कसं निभावणार याची मला काळजी वाटायची. एकदा त्या अचानक आल्या तेव्हा तो बशी चाटत होता. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग छताकडे. "तुझ्या घरी तो काय खातो ते मला सांगू नको," त्या म्हणाल्या. "मी विचारत पण नाही." पुढच्या महिन्यात त्याच्या केसांवर चमक आली, तेव्हा मात्र त्यांनी दोनदा हात फिरवून पाहिला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. हृदयाची झडप बदलायची म्हणून नितेश सुरतेला घेऊन गेला. जाताना बादलची दोरी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "महिनाभरात येते." ऑपरेशन झालं, बरं झालं असं वाटलं, मग ताप येत राहिला. रोज संध्याकाळी फोन करायच्या. प्रकृतीचं विचारलं की उडवून लावायच्या आणि विचारायच्या, "आज वाटेत कोण भेटलं?" मी सांगायची: पिठाच्या गिरणीजवळ तो तपकिरी कुत्रा आला होता, आम्ही कडेला उभे राहिलो, बादलनं पाहिलं आणि सोडून दिलं. "दोरी?" "सैल होती." "मग बरं." शेवटच्या दिवसांत आवाज इतका बारीक झाला होता की मला फोन कानाशी दाबून धरावा लागायचा. शेवटचं बोलणं झालं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. त्या दिवशी वाटेत कुणीच भेटलं नव्हतं. तसं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "असा पण एखादा दिवस असतो..."

मागच्या आठवड्यात नितेश आला. घर आवरायचं होतं, दुकानाचं काय ते बघायचं होतं. त्याला पाहून बादलनं सगळं अंग त्याच्या पायांवर टाकलं. नितेश त्याच्याशेजारी जमिनीवर बसला, तो बराच वेळ उठला नाही. मला मनातून धाकधूक होती की हा त्याला घेऊन जाईल, आणि घेऊन गेला तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू. सकाळी आम्ही तिघं निघालो. लाल्याला मी घरी ठेवलं, बादलची दोरी नितेशकडे होती. गिरणीच्या वळणावर तो तपकिरी कुत्रा समोर आला. नितेशनं दचकून दोरी मनगटाला गुंडाळली आणि मागे ओढली. बादलचं अंग ताठ झालं. तीच जुनी शांतता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सैल सोड."

"सोडू? मावशी, हा जाईल."

"जाणार नाही. कडेला हो, आणि सैल सोड."

त्यानं सोडली. दोरीचं पोट लोंबून जमिनीला टेकलं. तपकिरी कुत्रा पलीकडून, भिंतीच्या कडेनं, हळूहळू निघून गेला. बादलनं श्वास सोडला आणि मान वर करून नितेशकडे पाहिलं. नितेशचा हात तसाच, अर्धवट उघडा राहिला होता. "सुरतेत दोन वर्षं मी याला असंच ओढत होतो," तो म्हणाला. "रोज. आणि मला वाटायचं की हाच वाईट आहे." मग तो तिथंच, गिरणीच्या भिंतीला टेकून रडला. त्यानं आईच्या उठावण्याला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेतही, डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, असं त्याच्या बायकोनं मला नंतर फोनवर सांगितलं.

जायच्या दिवशी तो बादलला घेऊन आमच्या दारात आला. म्हणाला, "याला इथंच राहू द्या मावशी. याच्या ओळखीचे सगळे रस्ते इथं आहेत. मला फक्त दोरी द्याल?" ती जाड सुती दोरी होती. तिच्या मुठीला भाभींनी आपल्या जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती, कारण संधिवातानं त्यांची बोटं पूर्ण मिटत नसत. पट्टीवर पनीरचे, चहाचे, मातीचे डाग होते. मी ती काढून त्याच्या हातात दिली. त्यानं घडी घालून पिशवीत ठेवली, आणि गाडी निघून गेली. बादल ती वळेपर्यंत बघत राहिला आणि मग आत येऊन पडवीत लाल्यापासून दोन हातांवर आडवा झाला.

मी बाजारातून नवी दोरी आणली आहे. ती अजून ताठ आहे, हाताला टोचते. रोज सकाळी ती बादलच्या पट्ट्यात अडकवते, आम्ही गल्लीतून बाहेर पडतो, आणि समोरून कुणी येताना दिसलं की मी काही ठरवायच्या आत माझे पाय कडेला सरकतात आणि बोटं आपसूक ढिली होतात.